‘नैसर्गिकच आहे, त्याने काय होणार?’ नियम 170 गेल्यानंतर रुग्णांनी काय पाहावे

ओपीडीत रोज हा संवाद होतो. मी विचारतो, “कोणती औषधे चालू आहेत?” उत्तर येते, “बीपीची एक गोळी. बाकी काही नाही.” मग मी प्रश्न बदलून विचारतो, “काढा, चूर्ण, ज्यूस, कॅप्सूल, मोबाईलवर बघून मागवलेले काही?” मग शेजारी बसलेल्या सूनबाई किंवा मुलगा सांगतो, “हो, सकाळी गुळवेलीचा रस घेतात. आणि हळदीच्या गोळ्या. पण ते नैसर्गिक आहे ना, डॉक्टर.”

तुमच्याही घरात असे काही चालू असेल, तर हा लेख वाचा. घरगुती उपाय बंद करा, असे मी सांगणार नाही. माझ्याही स्वयंपाकघरात सुंठ, ओवा, ज्येष्ठमध आहेच. पण गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. स्वयंपाकघरातल्या वस्तू अर्क आणि कॅप्सूलच्या रूपात बाजारात आल्या, आणि त्यांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी तपासाव्यात हा नियम निघून गेला.

नियम 170 काय होता?

आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची आणि मंजुरीचा क्रमांक मिळवायचा, अशी तरतूद डिसेंबर 2018 मध्ये औषध नियमावलीत घालण्यात आली. तोच नियम 170. त्याची अंमलबजावणी कधीच घट्ट झाली नाही. ऑगस्ट 2023 मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून या नियमाखाली कारवाई करू नका असे कळवले. त्याच सुमारास इंडियन मेडिकल असोसिएशनची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. एप्रिल 2024 मध्ये पतंजलीला 67 वृत्तपत्रांत माफीनामा छापावा लागला, तो याच प्रकरणात. ती बातमी तुम्हाला आठवत असेल.

माफीनाम्याची बातमी सगळ्यांनी वाचली, त्यानंतरचे फार कोणी वाचले नाही. 1 जुलै 2024 रोजी मंत्रालयाने नियम 170 वगळल्याची अधिसूचना काढली. 27 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली, म्हणजे नियम पुन्हा जिवंत झाला. मग ऑगस्ट 2025 मध्ये मूळ याचिकाच निकाली काढण्यात आली आणि तिच्याबरोबर स्थगितीही संपली. सरकारने वगळलेला नियम न्यायालयाने चालू ठेवायचा कसा, हा प्रश्न होता, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की सकाळी टीव्हीवर किंवा मोबाईलवर दिसणारी ‘गुडघेदुखी मुळापासून’ ही जाहिरात आधी कोणी वाचून मंजूर केलेली असेल असे धरून चालू नका.

कायदा अजिबात उरला नाही असे मात्र नाही. 1954 चा औषधे आणि जादुई उपचार कायदा अजून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात 54 आजार आणि अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतिबिंदू, अपस्मार, लठ्ठपणा, इतकेच काय, उंची वाढवणेसुद्धा. हे बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, मग औषध कोणत्याही पॅथीचे असो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली खोट्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडही होऊ शकतो. फरक असा, की हे सगळे जाहिरात दिसल्यानंतरचे आहे. कोणीतरी तक्रार करायची, मग चौकशी, मग कारवाई. तोपर्यंत डबा घरात आलेला असतो.

म्हणून ‘मधुमेह कायमचा बरा’ असे वाक्य कुठेही दिसले, तर औषध कसे आहे याचा विचार करण्याआधी एवढे लक्षात घ्या, की विकणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो आहे.

गुळवेलीचे काय झाले?

करोनाच्या काळात गुळवेल घराघरांत पोहोचली. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आयुर्वेद-योग उपचारपद्धतीत गुडूचीचा समावेश होता. पुढे लोकांनी स्वतःच्या मनाने तिचा रस, काढा, गोळ्या घेतल्या, काहींनी अंगणातल्या वेलीची कांडी उकळून, महिनोन्महिने.

2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांना यकृताला सूज आली होती, सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती हे तपासलेले नाही. तिच्यासारखीच दिसणारी, त्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल असू शकते. आक्षेप रास्त होता. वैद्यकात असाच प्रश्न विचारायला हवा. त्यानंतर देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांचा अभ्यास केला, तो 2022 मध्ये आला. या वेळी मिळालेले नमुने तपासले गेले आणि ती गुळवेलच निघाली. मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याची आपली भूमिका त्यानंतरही कायम ठेवली.

मग तुम्ही कोणाचे ऐकायचे? माझे मत सांगतो. गुळवेल घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही, हे खरे आहे. पण काही लोकांमध्ये ती यकृताला गंभीर इजा करते, हेही आता पुरेसे सिद्ध झाले आहे. या दोन वाक्यांत भांडण नाही. पॅरासिटामॉल, क्षयरोगाची औषधे, काही अँटिबायोटिक्स यांच्याबद्दल आम्ही रोज हीच दोन वाक्ये बोलतो. फक्त तिथे धोका पाकिटावर छापलेला असतो, आणि क्षयरोगाची औषधे देताना आम्ही ‘डोळे पिवळे दिसले तर लगेच या’ असे बजावतो. गुळवेलीच्या बाटलीबरोबर हे वाक्य कोणी देत नाही.

या रुग्णांचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या यकृतातली इजा बऱ्याचदा ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस’सारखी होती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. ‘इम्युनिटी वाढवते’ म्हणून जी वेल घेतली, तिने तेच केले असावे, पण चुकीच्या दिशेने. प्रतिकारशक्ती ही पाण्याची टाकी नाही, भरली की बरे असे तिचे नसते. ती जास्त चेतवली तर थायरॉईड, सांधे, त्वचा, यकृत अशा आपल्याच अवयवांवर जाते. म्हणून ज्यांना आधीच ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे हाशिमोटोचा थायरॉईड, आमवात, ल्यूपस, सोरायसिस, किंवा ज्यांना जुना यकृताचा आजार आहे, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्याची औषधे चालू आहेत, त्यांनी गुळवेल किंवा कुठलेही ‘इम्युनिटी बूस्टर’ स्वतःच्या मनाने घेऊ नये. थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींची संख्या आपल्याकडे किती मोठी आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांतल्या अनेकींचे दुखणे ऑटोइम्यूनच असते.

दुसरी गोष्ट वेळेची. 13 केंद्रांच्या त्या अभ्यासात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत मध्यम कालावधी 46 दिवसांचा होता. दीड महिना. काल खाल्लेले बाधले तर आपल्याला कळते. दीड महिना रोज घेतलेली, सवयीची झालेली वस्तू आपण संशयितांच्या यादीतच धरत नाही.

आणि मग आपल्याकडे पुढची अडचण येते. डोळे पिवळे झाले की अनेक कुटुंबे सर्वांत आधी ‘काविळीचे गावठी औषध’ देणाऱ्याकडे जातात. कोणी पाला वाटून देतो, कोणी नाकात थेंब टाकतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ही कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपोआप ओसरते, आणि श्रेय पाल्याला मिळते. पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. पण कावीळ जर एखाद्या वनस्पतीमुळेच झाली असेल, तर तिच्यावर आणखी एक अनोळखी वनस्पती म्हणजे सुजलेल्या यकृतावर दुसरा घाव. कावीळ दिसली की आधी सगळे ऐच्छिक रस, चूर्णे, गोळ्या थांबवा आणि बिलिरुबिन, एसजीपीटी आणि आयएनआर या तपासण्या करून घ्या. रुग्ण गुंगीत बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

हळद भाजीतली आणि हळद कॅप्सूलमधली

“हळद तर आपण रोजच खातो,” हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतो. थोडे आकडे पाहू.

हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असते. चहाचा एक सपाट चमचा हळद म्हणजे सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे त्यात 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन. एवढी हळद चार माणसांच्या भाजी-आमटीत विभागली जाते. आंतरराष्ट्रीय अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी रोजची सुरक्षित मर्यादा दर किलो वजनामागे 3 मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 180. आता कॅप्सूल बघा. 500 मिलिग्रॅमच्या, ‘95 टक्के कर्क्युमिनॉइड्स’ लिहिलेल्या एका कॅप्सूलमध्ये 475 मिलिग्रॅम असते. पाच चमच्यांहून जास्त हळद एका घोटात. आणि लेबलवर बहुधा ‘दिवसातून दोनदा’ असते.

त्यात काळ्या मिरीचा अर्कही असतो. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही. पण 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले, की 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरीन दिले, तर माणसांमध्ये शोषण वीसपट होते. तेव्हापासून मिरीचा अर्क घालणे ही या गोळ्यांची जाहिरातच झाली आहे. पण जो पदार्थ आतड्याने शतकानुशतके बाहेरच ठेवला, तो वीसपट आत घेतल्यावर यकृताला काय करावे लागते, हा प्रश्न जाहिरातीत येत नाही. पिपरीनमुळे इतर काही औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलते.

अमेरिकेतल्या यकृत-इजेची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या जाळ्याने 2011 ते 2022 या काळातले हळदीच्या गोळ्यांमुळे झालेले 10 रुग्ण प्रसिद्ध केले. पाच जणांना दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे हा धोका सगळ्यांना सारखा नाही, पण ती खूण आपल्यात आहे की नाही हे गोळी घेणाऱ्याला माहीत नसते. इटलीने 2022 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांवर इशारा छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे मात्र परदेशातून आलेल्या नातेवाइकाने अशी बाटली भेट दिली, तर ती आपण कौतुकाने घेतो. हळद आपली, बाटली त्यांची.

आमटीतली हळद, सर्दीतले हळद-दूध याला माझी हरकत नाही. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर कॅप्सूल मात्र घेऊ नका. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी भूलतज्ज्ञांना सगळ्या पूरक गोळ्यांची यादी द्या.

अश्वगंधेबाबतही असेच घडले. परंपरेने मुळी वापरायची, पण अर्क काढताना पाने स्वस्त पडतात. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पाने वापरू नका असे सांगितले. तेव्हा ‘अश्वगंधा’ एवढाच शब्द पाहून भागत नाही, ‘मूळ’ हा शब्द लेबलवर शोधा.

कडू दुधीची गोष्ट

कारखान्यातून आलेलेच बाधते असे समजू नका. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. दुधी, काकडी, भोपळा या कुळात क्युकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. एरवी ती इतकी कमी असतात की कळतही नाही. पण फळ जून झाले, पाण्याचा ताण पडला, की वाढतात, आणि त्यांची खूण म्हणजे कडूपणा. गृहिणी हे नेहमीच ओळखत आल्या आहेत. चिरताना दुधीची फोड चाखायची, कडू निघाला तर टाकायचा. काकडीचे टोक कापून चाखतो तसेच.

मग अपघात का होतो? कारण रस ‘औषध’ म्हणून घेतला जातो. भाजी कडू लागली तर आपण ताट सरकवतो. औषध कडू लागले तर डोळे मिटून गिळतो, कडू म्हणजे गुणकारी असे समजून. त्यातून दुधीत कारले मिसळले, तर कडूपणा कोणाचा हेही कळत नाही. समितीचा सल्ला साधा होता. रस कडू असेल तर अजिबात पिऊ नये, दुसऱ्या रसात मिसळू नये, आणि मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर लगेच रुग्णालयात जावे. या विषावर उतारा नाही, पण सलाइन वेळेत लागले तर जीव वाचतो.

आजारपण आधीच असेल, तेव्हा साधे पदार्थही तपासून घ्यावे लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नारळपाण्यातले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, आणि कमरख तर पूर्ण वर्ज्य. ज्येष्ठमध महिनोन्महिने चघळले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. कारल्याचा रस मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतला तर साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते. तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची पद्धत अजून सुटलेली नाही. एक वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नका, बोटुलिझमचा धोका असतो. एक वर्षानंतर मात्र खोकल्यावर चमचाभर मध खरोखर उपयोगी पडतो, अभ्यासांत दिसले आहे. इसबगोल बद्धकोष्ठाला चांगला आहे आणि कोलेस्टेरॉलही थोडे उतरवतो, फक्त भरपूर पाणी हवे आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर. आले मळमळीवर चालते. म्हणजे तपासून टिकलेले घरगुती उपायही आहेतच, पण टिकलेल्यांची जाहिरात फारशी दिसत नाही, कारण इसबगोल विकून कोणी ‘क्रांती’ करू शकत नाही.

डब्यावर काय पाहाल?

आधी परवाना पाहा. 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे, औषध नाही, आणि तिने आजार बरा करण्याचा दावा करायचाच नाही. आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि घटकांचे प्रमाण असायला हवे. परवाना आहे म्हणजे माणसांवर मोठी चाचणी झाली, असा अर्थ मात्र काढू नका. जुन्या ग्रंथांतल्या पाठानुसार केलेल्या औषधांना तशी चाचणी लागतच नाही.

नाव-गाव नसलेली पुडी हा वेगळाच धोका. सांधेदुखीच्या पुडीने तिसऱ्या दिवशी गुडघे हलके झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर आत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे, आधी डॉक्टरांना दाखवा. भस्मयुक्त औषधे तज्ज्ञ वैद्यांच्या देखरेखीशिवाय नकोत. 2004 मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. परदेशी गेलेल्या मुलीला बाळंतपणासाठी इथून पुड्या पाठवताना हे ध्यानात असू द्या. गर्भारपणात शिसे थेट बाळापर्यंत जाते.

बाधले असे वाटले तर नोंद करा. औषधांच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा सरकारी निःशुल्क क्रमांक आहे, आणि आयुष औषधांच्या फसव्या जाहिरातींसाठी व दुष्परिणामांसाठी मे 2025 मध्ये ‘आयुष सुरक्षा’ हे पोर्टल सुरू झाले आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्या गायब होतात.

पुढच्या भेटीला फाइलबरोबर घरातले ते डबे, बाटल्या, पुड्याही पिशवीत घालून आणा. रिकाम्या झाल्या असतील तरी आणा, लेबल अर्धे फाटलेले असले तरी चालेल.